प्रतिक्रिया २२०७

जिंसीच्या पुलावर कोहरा उतरलाय
आणि मी रजईत, लॅपटॉप मांडीवर,
शेगडीऐवजी त्याचीच ऊब.
पावणेदोन वाजलेत.
मंडळाचं संकेतस्थळ आज रात्रीच हलवायचंय.
जुना सर्व्हर सकाळी बंद होणार,
भाडं थकलेलं नाही, कंपनीच बुडाली.

पुणतांबेकर संध्याकाळी येऊन गेले,
कानटोपीसकट, गजकचा डबा घेऊन.
काळ्या पडद्याकडे बघत राहिले.
'माउस कुठाय?'
म्हटलं, इथे बोट दाखवून चालत नाही, काका.
एक ओळ लिहायची, पाठवायची, गप्प बसायचं.
'म्हणजे तारच की,' म्हणाले.
छत्तीस वर्षं तारखात्यात होते ते,
लोकांची दुःखं शब्दागणिक मोजलेली.
मग दाराशी चपला शोधत:
'सगळं जसंच्या तसं जाईल ना?'
हो म्हटलं.
हो म्हणायला कमांड लागत नाही.

एक्स्पोर्ट.
ओळी सरकू लागल्या.
बावीस वर्षांची हळदीकुंकवं,
कोजागरीची वर्गणी,
अनारसे स्पर्धेचा निकाल, तिसरा क्रमांक विभागून,
निधनवार्ता, पत्ताबदल, निधनवार्ता,
दौलतगंजात भाड्याने खोली, फक्त शाकाहारी,
पुन्हा निधनवार्ता.
सगळ्याची मिळून एक फाईल,
एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा हलकी.

नव्या जागी आधी ड्राय रन.
काहीच न करता
काय काय झालं असतं, ते हा सांगतो.
माझ्या लग्नाआधी कुणी चालवला नाही.

मग खरं इम्पोर्ट.
लेख तिकडे चार हजार तीनशे बारा,
इकडे चार हजार तीनशे बारा.
हिशोब चोख. पान उघडलं:

???? ??????? ??
????? ???

एकसुद्धा अक्षर नाही.
काने गेले, वेलांट्या गेल्या,
आणि तो ळ,
शाळेत बाईंनी 'कमल' म्हणायला लावलं
तरी घरी येऊन आम्ही परत लावून घ्यायचो तो,
त्याच्याही जागी तेच वाकडं चिन्ह.
बावीस वर्षं एका उंचीची होऊन
मलाच विचारत होती.

चूक माझी.
जुन्या घरात कोणती लिपी होती
ते नव्या घराला सांगायचं राहिलं.
सगळं पुसलं.
कमांडच्या शेपटाला एक शब्द जोडला.
एंटर दाबलं
आणि लाईट गेली.

काम चालू होतं, तिकडे कुठेतरी, दूरच्या यंत्रात.
मी अंधारात गजक खात बसले.
तिळाचा आवाज केवढा होतो रात्री.

सव्वातीनला लाईट आली, अक्षरं आली,
ळ आला.
मग प्रतिक्रियांची रांग सुरू झाली,
आणि मध्येच एक तांबडी ओळ, इंग्रजीत, पण अर्थ हा:
२२०७. पालक सापडला नाही.
वगळू?

उघडून बघितली.
खाली नाव फक्त 'विभावरी'. वर मजकूर:
'माझी सायकल त्यांनी मागून धरली होती.
सोडली कधी, मला कळलंच नाही.
एवढंच कळवते.'

त्यांनी म्हणजे कुणी?
ज्या लेखाखाली हे लिहिलं
तो कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला.
जुन्या सर्व्हरवर शोधलं, बॅकअपमध्ये शोधलं.
त्याचा आकडा तेवढा शिल्लक, आकड्यामागे कुणी नाही.
कर्सर लुकलुकत होता.
हो की नाही, एका अक्षराचं काम.

मी नाही दाबलं.
एक नवा लेख केला,
बिनशीर्षकाचा, बिनतारखेचा, आत कोरा,
आणि २२०७ त्याच्या पदरात घातली.

सकाळी सातलाच फोन.
'जसंच्या तसं?'
एक लेख वाढलाय, म्हटलं.
पलीकडे चहाच्या कपाची किणकिण.
मग जुन्या सवयीनं त्यांनी विचारलं,
'शब्द किती?'
एकही नाही, काका.
'मग जाऊ दे,' म्हणाले,
'त्याचे पैसे नाही पडत.'